इंग्लंडच्या उंबरठ्याआतली ग्रॅनडाची नक्षी

'फरशी' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की तो बाहेरून आला आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. अरबीत 'फर्श' म्हणजे जमिनीवर अंथरलेली, पसरलेली गोष्ट. फारसी-उर्दूच्या वाटेने तो दख्खनमध्ये आला आणि मराठीने त्याला आपल्या घरात घेतलं. 'नक्षी'च्या मुळाशी अरबी 'नक्श' आहे, 'कारागीर' फारसीतून आला, 'इमारत' पुन्हा अरबीतून. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा वर्गात शिकवताना शब्दांचे असे प्रवास रोज भेटतात. शब्दांसारख्या आकृत्याही प्रवास करतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही, आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्यांचं मूळ गाव लोक विसरून जातात.

या लेखात अशाच एका आकृतीची गोष्ट आहे. ती इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या मातीच्या फरशीवर दिसते. सध्या तिथे हजारो घरमालक ही फरशी पुन्हा उजेडात आणण्याच्या खटपटीत असतात. जुनी वस्तू 'नवी' करायची की 'जपायची', हा प्रश्न या फरशीच्या निमित्ताने जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसत असेल. आणि तो प्रश्न आपल्याही दारात उभा आहे.

गालिच्याखाली काय होतं?

राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, इंग्लंडच्या शहरांत भिंतीला भिंत लावून घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. दार उघडलं की समोर अरुंद बोळ, एका बाजूला बैठकीची खोली, पुढे जिना. पावसापाण्याचे, चिखलाचे बूट पहिल्यांदा इथेच यायचे. पाहुण्यावर पहिली छापही इथेच पडायची. म्हणून ऐपत असलेल्या घरांनी या बोळात भट्टीत भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरश्या बसवल्या. लाल, पिवळसर, काळे आणि तपकिरी तुकडे. चौकोन, त्रिकोण, अष्टकोन. पांढरा आणि निळा रंग महाग, त्यामुळे तो बेताने वापरलेला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे सगळं जुनाट वाटू लागलं. कुणी त्यावर लिनोलियम चिकटवलं, कुणी पातळ फळ्या ठोकल्या, कुणी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरला. घर गरम ठेवणारे नळ टाकायला नक्षीच्या मधोमध चर खणले गेले आणि वर सिमेंट थापलं गेलं. नंतर फॅशन पुन्हा फिरली. लोक गालिच्याचं टोक उचलून खाली काय आहे ते पाहू लागले आणि अनेकांना खजिना सापडला. गंमत अशी, की ज्या आच्छादनाने फरशीचा अपमान केला, त्यानेच पुष्कळदा तिचा जीवही वाचवला. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधली सुमारे तीस हजार फरश्यांची भव्य जमीन वर्षानुवर्षं लाकडी तक्तपोशीखाली झाकलेली असल्यामुळेच तिचे रंग आजही ताजे आहेत.

माती, ठसा आणि भट्टी

या फरश्यांचे दोन प्रकार आहेत. एक साधा: एका रंगाचे भौमितिक तुकडे जोडून केलेली नक्षी. दुसरा, ज्याला इंग्रजीत 'एन्कॉस्टिक' म्हणतात, त्यात एकाच फरशीच्या अंगात दोन किंवा अधिक रंगांच्या माती भरलेल्या असतात. हा दुसरा प्रकार मूळचा मध्ययुगीन मठ आणि चर्चेसमधला. ओल्या लाल मातीच्या चौकोनावर लाकडी ठसा दाबायचा, उमटलेल्या खळग्यात पांढरी माती भरायची, वरून खरवडून सपाट करायची आणि भाजायची. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या चॅप्टर हाउसची अशी जमीन १२५० च्या दशकातली आहे आणि ती आजही पाहता येते.

या कामाची खुबी एका वाक्यात सांगता येते: रंग वरून चढवलेला नसतो, तो मातीचाच असतो. म्हणून शेकडो पावलांनी, हजारो पावलांनी झिजूनही नक्षी लवकर पुसली जात नाही.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बरखास्त केले आणि ही कला जवळपास विस्मरणात गेली. १८३० मध्ये सॅम्युएल राइट या कुंभाराने ती यंत्राच्या मदतीने करण्याचं पेटंट घेतलं. स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या गावातल्या हर्बर्ट मिंटनने ते हाती घेतलं. सुरुवातीला हात पोळले. भट्टीत दोन रंगांच्या माती सारख्या प्रमाणात आकसत नसत आणि भरलेली नक्षी सुटून पडे. काही वर्षांच्या प्रयोगांनंतर ते जमलं. पुढे १८३४ च्या आगीत जळालेलं ब्रिटिश संसदेचं बांधकाम नव्याने उभं राहिलं, तेव्हा तिथल्या फरश्या ऑगस्टस प्युजिनने रेखाटल्या आणि मिंटनने घडवल्या.

सामान्य घरांपर्यंत फरशी पोहोचली ती मात्र आणखी एका युक्तीमुळे. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने जवळजवळ कोरडी, बारीक दळलेली माती धातूच्या साच्यात जोराने दाबून वस्तू करण्याची पद्धत शोधली. ती मुळात बटणांसाठी होती. मिंटनने ती फरशीसाठी वापरली. तुकडे अचूक मापाचे निघू लागले, सुकवायला वेळ कमी लागू लागला, किंमत उतरली. पण या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजत होतं. कुंभारकामाच्या त्या परिसरात मातीची धूळ छातीत जाऊन कामगारांची फुप्फुसं निकामी होत. 'कुंभाराचा दमा' हे नाव तिथल्या बोलीत रुजलेलं होतं. सुंदर फरशीकडे पाहताना हेही आठवायला हवं.

ग्रॅनडाहून आलेला तारा

आता मूळ आकृतीकडे येऊ. एक वर्तुळ काढा, त्याचे आठ समान भाग करा, त्यात एक चौरस काढा आणि दुसरा त्याच मापाचा चौरस ४५ अंशांनी फिरवून त्यावर ठेवा. आठ टोकांचा तारा तयार होतो. कंपास आणि पट्टी असेल तर आठवीचा विद्यार्थी पाच मिनिटांत काढेल. कुरआन शरीफच्या पानांवर हिज्बचे भाग दाखवणारी खूण म्हणून हाच तारा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरात, नस्री सुलतानांच्या अल-हमरा महालात भिंतींच्या खालच्या भागावर अशा ताऱ्यांचं अख्खं आकाश पसरलेलं आहे. रंगीत फरशीचे तुकडे हाताने टाचून, एकमेकांत गुंतवून केलेलं ते काम. मोरोक्कोत त्याला आजही 'झुलैज' म्हणतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत फरशीसाठी असलेला 'अझुलेजो' हा शब्द त्याच अरबी मुळाचा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारांवर दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या नक्षीला आजही हेच नाव आहे.

१८३४ मध्ये ओवेन जोन्स नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज वास्तुरचनाकार आपला फ्रेंच मित्र झ्यूल गूरी याच्याबरोबर ग्रॅनडात आला. दोघांनी महालाची कसून मोजमापं घेतली. त्याच वर्षी पटकीने गूरीचा तिथेच मृत्यू झाला. जोन्स नंतर पुन्हा ग्रॅनडाला गेला आणि १८४२ ते १८४५ या काळात त्याने अल-हमरावरचे भव्य रंगीत ग्रंथ प्रसिद्ध केले. एवढ्या रंगांत छापणारा छापखाना मिळेना, म्हणून त्याने छपाईची सोय स्वतःच केली. १८४२ मध्येच त्याचं जमिनीच्या नक्षींचं एक पुस्तकही आलं. १८५४ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमला हलवलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने अल-हमराच्या दालनाची प्रतिकृती उभारली. १८५६ मध्ये त्याचा 'ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' हा ग्रंथ आला. त्यात अरब, तुर्की, इराणी आणि भारतीय नक्षीकामाला स्वतंत्र जागा होती. नक्षी भूमितीच्या पायावर उभी असली पाहिजे, हा आग्रह त्याने अल-हमराकडून घेतला आणि इंग्रज कारखानदारांच्या गळी उतरवला.

इंग्लंडमधल्या प्रत्येक बोळातली नक्षी ग्रॅनडाची होती, असं मी म्हणणार नाही. रोमन मोझेइक, इटलीतल्या चर्चेसच्या जमिनी आणि इंग्रजांचा स्वतःचा मध्ययुगीन वारसा हेही तिचे झरे होते. पण अष्टकोन, चौकोन आणि तारा यांच्या अखंड गुंफणीची जी चव त्या पिढीला लागली, तिच्यात अंदलुसचा वाटा मोठा आहे. मँचेस्टरच्या एखाद्या कारकुनाच्या घरात, छत्री ठेवायच्या स्टँडखाली, मुस्लिम कारागिरांची भूमिती शांतपणे पडून होती. कारकुनाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मुंबईच्या बंदरात

या फरश्या जहाजांतून जगभर गेल्या आणि मुंबईतही उतरल्या. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. तिथली जमीन मिंटनच्या फरश्यांची आहे. भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलं. तिथेही मिंटनच. त्या संग्रहालयाची दुरवस्था झालेली इमारत २००३ पासूनच्या कामात पुन्हा उभी केली गेली. वास्तुजतनकार विकास दिलावरी यांनी केलेल्या या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. भायखळ्याला गेलात तर एकदा मान खाली घालूनही पाहा.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण त्यावरून महाराष्ट्रात बराच गोंधळ होतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या नक्षीदार फरश्या बहुतेक वेळा मातीच्या नसतात, सिमेंटच्या असतात. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी उद्योगांनी त्या घडवल्या. त्यांनी भट्टी पाहिलेली नसते. रंगीत सिमेंटचा वरचा थर दाबयंत्राखाली बसवलेला असतो. फुटलेल्या कडेकडे पाहिलं की कळतं: वर रंगाचा पातळ थर आणि खाली राखाडी अंग दिसलं तर ती सिमेंटची. एका रंगाच्या मातीच्या तुकड्यात रंग आरपार जातो. दोन्हींना एकच औषध चालत नाही.

प्रेमाने केलेली हानी

आता जतनाचा खरा पेच. व्हिक्टोरियन काळात इंग्रजांनी शेकडो जुन्या चर्चेसचा 'जीर्णोद्धार' केला. त्या उत्साहात अनेक ठिकाणी झिजलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या खऱ्या मध्ययुगीन फरश्या उखडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी कारखान्यातल्या गुळगुळीत, सरळ रेषेतल्या प्रतिकृती बसवल्या गेल्या. म्हणजे ज्या फरश्या आज लोक जीव टाकून वाचवतात, त्यांपैकी काही अशाच कुणाच्या तरी जागेवर बसलेल्या आहेत. या वृत्तीविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. तिचं लाडकं नाव होतं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे 'खरवडू नका'. जुन्या इमारतीला काल्पनिक तारुण्य देण्यापेक्षा तिची रोजची निगा राखा, असं तिचं सांगणं होतं.

अल-हमरावरही हेच प्रेम बेतलं. १८५९ मध्ये राफाएल काँत्रेरासने सिंहांच्या चौकातल्या पूर्वेकडच्या मंडपावर रंगीत, चकचकीत घुमट चढवला. युरोपच्या कल्पनेतला 'पौर्वात्य' महाल असाच असायला हवा, असं त्याला वाटलं असावं. मूळ इमारतीत तसा घुमट नव्हता. १९३४ मध्ये लिओपोल्दो तोर्रेस बाल्बास या वास्तुरचनाकाराने तो उतरवला आणि साधं कौलारू छप्पर घातलं. पंचाहत्तर वर्षांत लोकांना त्या घुमटाची सवय झाली होती, त्यामुळे गावात ओरड झाली. पण बाल्बासचं म्हणणं सरळ होतं: नवं घालावंच लागलं तर ते कमीत कमी असावं आणि पाहणाऱ्याला नवं म्हणून ओळखू यावं.

गुडघे टेकून करायचं काम

हे तत्त्व एखाद्या घरातल्या बोळात कसं उतरतं? इंग्लंडमधले चांगले कारागीर आधी काहीच करत नाहीत. ते फरशीवर बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांड्याने टकटक करत फिरतात. जिथे पोकळ वाजतं तिथे खालचा थर सुटलेला असतो. मग ओल तपासतात. त्या काळच्या घरांत जमिनीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा नव्हता. चुना, राख आणि खडीच्या कोब्यावर फरशी बसवलेली असे आणि जमिनीतली ओल सांध्यांतून हळूहळू बाहेर पडत असे. घर, एका अर्थी, पायातून श्वास घेई.

म्हणून पहिला नियम असा, की हा श्वास कोंडू नका. वर प्लास्टिकसारखा चकचकीत लेप मारला, की ओल खाली अडकते, क्षार पृष्ठभागाशी गोळा होतात आणि फरशीला लोणा लागतो. पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते आणि पुढे वरचा पापुद्राच उडतो. दुसरा नियम, ॲसिड वापरू नका. सिमेंटचे डाग काढायला गवंडी सहज ॲसिड ओततो. ते सांधे खातं, मातीचे काही रंग कायमचे बिघडवतं आणि क्षारांचा त्रास वाढवून ठेवतं. सौम्य साबण, कमी पाणी, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर सबुरी, एवढ्याने शंभर वर्षांची काजळी निघते. जुना डिंक आणि डांबर वाफेने किंवा योग्य द्रावणाने मऊ करून पात्याने अलगद उचलतात.

फुटलेला तुकडा काढायचा तर मधोमध भोक पाडून, आतून बाहेर, छिन्नीने बारीक बारीक फोडतात. कडेला छिन्नी लावली तर शेजारचा चांगला तुकडा जातो. सुटलेले तुकडे काढण्यापूर्वी जमिनीचा फोटो काढतात, आराखडा आखतात, प्रत्येकाला क्रमांक देतात. पाठीवर पुष्कळदा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. शंभर वर्षं लोकांनी ज्या फरशीवर पाय ठेवले, तिच्या घडवणाऱ्याचं नाव जमिनीकडे तोंड करून होतं.

रिकाम्या जागी काय बसवायचं? पहिली पसंती त्याच घरातल्या फरशीला. जिन्याखाली, कपाटामागे नजर न पडणाऱ्या कोपऱ्यात तसेच तुकडे असतात. ते पुढे आणायचे आणि नवे मागे घालायचे. दुसरी पसंती पाडलेल्या घरांतून वाचवलेल्या जुन्या मालाला. तिसरी नव्याने घडवलेल्या तुकड्यांना. हे तिसरं काम शक्य आहे, कारण ही कला पुन्हा एकदा मरता मरता वाचली. वॉशिंग्टनच्या कॅपिटल इमारतीत १८५६ ते १८६१ दरम्यान मिंटनच्या फरश्या बसवल्या होत्या. १९२० च्या दशकात तिथे झिजलेल्या फरश्यांना जोड मिळेना, म्हणून काही भागांत संगमरवर घालावा लागला. शेवटी स्टोकमध्येच जुनी पद्धत पुन्हा जमवली गेली आणि १९८६ पासून तिथे नव्याने घडवलेल्या फरश्या बसू लागल्या. आयर्नब्रिजजवळच्या जॅकफील्डमध्ये १८७० च्या दशकातल्या जुन्या कारखान्यात आज फरश्यांचं संग्रहालय आहे आणि त्याच आवारात अजूनही माती साच्यात दाबली जाते. ब्रिटिश संसदेच्या जमिनीसाठी अलीकडे लागलेल्या फरश्या तिथल्याच.

नवा तुकडा जुन्यापेक्षा पातळ असतो, म्हणून त्याखाली मसाला जाड घालतात. सांधे हातभर नव्हे, केसभर ठेवतात. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. जिन्याच्या पायथ्याशी फरशीला पडलेला खळगा चार पिढ्यांच्या पावलांनी पडलेला असतो. तो भरून काढायचा नसतो.

आपल्या पायाखाली

हे सारं दूरदेशीचं कौतुक म्हणून लिहिलेलं नाही. आपल्या गावांतल्या जुन्या मशिदी, दर्गे, वाडे आठवून पाहा. खिदमत म्हणून, श्रद्धेने, वर्गणी काढून आपण कोरीव दगडी खांबांवर ऑइलपेंट फासतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सजद्यांनी गुळगुळीत झालेल्या फरशीवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतो. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते आणि ज्याने मूळ दगड घडवला त्याची शेवटची खूण झाकली जाते. दगड आणि चुन्याच्या बांधकामाचा श्वास कोंडतो आणि दोन पावसाळ्यांत भिंती ओल धरू लागतात. मग भिंतींनाही टाइल्स लागतात. हेतू नेक असतो. काँत्रेरासचाही नेकच होता.

शिवाय एक दुखरी गोष्ट आहे. कुठली वास्तू कुणाची, कुठली नक्षी कुणाची, यावर सध्या आवाज चढवून बोललं जातं. अशा वेळी दगडावरची मूळ खूण हाच आपला साक्षीदार असतो. तो आपणच आपल्या हाताने टाइलखाली गाडला, तर उद्या साक्ष कोण देणार? आणि जी नक्षी टिकली आहे ती नीट वाचली, तर ती मालकी सांगत नाही, देणंघेणं सांगते. ग्रॅनडाच्या कारागिराची भूमिती, स्टोकच्या कुंभाराची माती, मुंबईच्या गवंड्याचे हात. तिघांची भाषा वेगळी, दीन-धरम वेगळा, फरशी एक.

म्हणून पुढच्या वेळी मशिदीच्या किंवा घराच्या दुरुस्तीची बैठक असेल, तेव्हा कोटेशन मागवण्याआधी एक काम करा. कोपऱ्यातली सतरंजी उचला, एक मूठभर जागा साध्या पाण्याने पुसा आणि खाली काय आहे ते पाहा. मग ठरवा.